वाहत्या कानाची गोष्ट

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मला जो पहिला प्रश्न पडला तो डॉक्टरांना विचारण्यासारखा नव्हता. डोक्याभोवती पट्टी, डावा कान त्या पट्टीच्या आत, आणि कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये अशी सक्त ताकीद. मग वुजू करताना कानाचा मसह कसा करायचा? मोहल्ल्यातल्या मौलानांना फोन लावला. ते आधी हसले. म्हणाले, "भाई, कानाचा मसह सुन्नत आहे, फर्ज नाही. पट्टीवरून ओला हात फिरवा. तेही जमत नसेल तर सोडा. आजाऱ्याला सवलत दिलेली आहे, ती नाकारून कुणी मोठं होत नाही." हनफी मसलकातलं हे उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तेही चांगल्या, म्हणजे उजव्या कानानं.

माझा डावा कान वयाच्या सातव्या वर्षापासून वाहतो. सातारकर पोरांसारखा मीही माहुलीच्या संगमावर पोहायला जायचो. पावसाळ्यात सर्दी झाली की कान ठणकायचा, दोन दिवसांनी पू यायचा, पू आला की ठणका थांबायचा. घरात सगळ्यांना हायसं वाटायचं. अम्मी लोखंडी पळीत तेल तापवून त्यात लसणाची पाकळी करपवायची आणि ते कोमट तेल कानात सोडायची. "कान में पानी नक्को जाने दे" हे तिचं रोजचं वाक्य होतं, आणि त्याच कानात तेल मात्र रोज जायचं. कोपऱ्यावरचे डॉक्टर गोळ्या आणि थेंब द्यायचे. पाच दिवसांत कान कोरडा व्हायचा, महिन्याभरात पुन्हा ओला. वर्गात मी डाव्या बाजूच्या भिंतीला टेकून बसायचो, म्हणजे सगळा वर्ग उजव्या कानाकडे यायचा. मोठेपणी हीच सवय चहाच्या टपरीवर, लग्नात, मशिदीच्या सफमध्येही राहिली. लोकांना वाटायचं याला आपली ठरलेली जागा लागते.

तीस-बत्तीस वर्षांत या कानात किती जणांनी औषध घातलं असेल! पण आत उजेड टाकून नीट पाहिलं किती जणांनी? मोजले तर एका हाताची बोटं पुरली असती. हा आरोप एकट्या अम्मीवर किंवा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांवर नाही. पट्टी बांधून पडून असताना कानाच्या इतिहासावर जे सापडलं ते वाचत गेलो तेव्हा दिसलं, की माणसानं हजारो वर्षं हेच केलंय. कानात काहीतरी ओतायचं, आणि आत न बघता ओतायचं.

तसं पाहिलं तर नावं जुनीच आहेत. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजलेले आहेत. त्यात कर्णस्राव आहे, दुर्गंधी येणारा पूतिकर्णही आहे. इब्न सीनांच्या 'अल्-कानून'च्या तिसऱ्या खंडात कानासाठी स्वतंत्र भाग आहे. आपल्याकडे युनानी हकीम कानात जे रोगन सोडतात त्याची मुळं त्याच परंपरेतली. पण मला सगळ्यात जवळचे वाटले ते अबुल कासिम अल्-जहरावी.

कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज्-जहरा या शहराचा हा माणूस, काळ साधारण ९३६ ते १०१३. त्यांचा 'किताब अत्-तसरीफ' तीस भागांचा आहे आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर, हत्यारांच्या चित्रांसकट. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि पुढची काही शतकं युरोपातले सर्जन त्यावर शिकले. त्यात कानात अडकलेल्या वस्तूंवर एक प्रकरण आहे. जहरावी आधी वर्गवारी करतात. दगड-लोखंड-काचेसारखं काही, हरभऱ्या-वालासारखं दाण्याचं काही, पाण्यासारखं पातळ काही, किंवा एखादा जीव. प्रत्येकाचा उपाय वेगळा. दाणा पाण्यानं फुगतो, म्हणून त्याला भिजवायच्या आत काढायचा. फुगलाच तर बारीक पात्यानं तुकडे करून काढायचा. खड्याला तेल घालून सैल करायचं, शिंक आणवायची, चिमट्यानं पाहायचं, ओढून पाहायचं. आणि यातलं काहीच जमलं नाही तर कानाच्या मुळाशी चंद्रकोरीच्या आकाराचा छोटा छेद घेऊन तिथून खड्यापर्यंत पोचायचं. छेदाची ही कल्पना त्यांच्याही आधीच्या ग्रीक वैद्यांकडून आलेली आहे.

पण या सगळ्याच्या आधी त्यांची एक साधी सूचना आहे. रोग्याचा कान उन्हाकडे करा आणि बघा.

हे वाचताना मी नकळत कानामागे हात नेला. माझेही टाके कानाच्या मागे, चंद्रकोरीसारखेच होते. आपल्याकडच्या जलशांत जहरावींचं नाव घेऊन छाती फुगवणारी भाषणं मी भरपूर ऐकलीत, तीही उजव्या कानानं. 'युरोपला सर्जरी आम्ही शिकवली' इथपर्यंत सगळे येतात. पण त्यांनी सगळ्यात आधी जे सांगितलं ते हजार वर्षांनी माझ्या घरात, माझ्या मोहल्ल्यात कुणी पाळत नव्हतं, त्याचं काय करायचं? वारसा सांगणं सोपं आहे. कान उन्हाकडे करायला वेळ काढावा लागतो.

वाहता कान जीव घेऊ शकतो हे लोकांना सहसा पटत नाही, म्हणून थोडं आतलं सांगतो. पडद्यामागे वाटाण्याएवढी पोकळी असते. तिच्यात तीन इवली हाडं एकमेकांना जोडलेली. ही पोकळी एका नळीनं घशाच्या वरच्या भागाला जोडलेली असते. बार्तोलोमेओ युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं सोळाव्या शतकात तिचं वर्णन केलं म्हणून ती युस्टेशियन नळी. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी सरळ कानात चढते. पू साठतो, पडदा फुटतो. बहुतेकांचा पडदा पुन्हा भरून येतो, काहींचा येत नाही. आणि काहींच्या कानात पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिथंच वाढत राहते, मेलेल्या कातडीचा गोळा तयार होतो. त्याला कोलेस्टीटोमा म्हणतात. हे नाव १८३८ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं. हा कॅन्सर नव्हे, पण शेजारचं हाड हळूहळू खातो. आणि शेजारी कोण आहे? वर पातळ हाडाचं छत आणि त्याच्या पलीकडे मेंदू. आतून चेहऱ्याची नस गेलेली. मागे कवटीतली मोठी रक्तवाहिनी.

फ्रान्सचा राजा दुसरा फ्रान्सिस १५६० च्या डिसेंबरात कानाच्या दुखण्यानं गेला तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. आम्ब्रुआज पारेसारखा त्या काळचा नामांकित सर्जन हाताशी असूनही काही करता आलं नाही. त्याची तरुण विधवा मेरी स्टुअर्ट पुढच्याच वर्षी स्कॉटलंडला परतली, आणि तिथला पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. एका कानातला पू दोन देशांच्या राजकारणापर्यंत गेला.

कानामागच्या हाडात पू साठलाय हे ओळखून ते हाड उघडण्याचं धाडस पॅरिसच्या जाँ-लुई पेतीनं १७३६ च्या सुमारास केलं आणि रोगी वाचला. पण नंतर एक अपघात झाला. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य बॅरन बर्गर यांनी कानात आवाज येतात, ऐकू कमी येतं म्हणून स्वतःवर हेच ऑपरेशन करवून घेतलं आणि १७९१ मध्ये जंतुसंसर्गानं ते गेले. ज्याच्यासाठी ऑपरेशन होतं तो आजार त्यांना नव्हताच! झालं, मोठ्या माणसाचा मृत्यू म्हणून बोभाटा झाला आणि पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं कुणी त्या हाडाला हात लावेना. त्या ऐंशी वर्षांत ज्यांना खरी गरज होती असे किती गेले याची मोजदाद कोण करणार?

या काळात काम झालं ते उजेडाचं. १८४१ मध्ये होफमान नावाच्या एका जर्मन डॉक्टरनं मधोमध भोक असलेला अंतर्वक्र आरसा कान बघायला वापरला. १८५५ मध्ये फॉन ट्रोल्टश यांनी तो सर्वत्र पोचवला. कपाळावर गोल आरसा बांधलेला डॉक्टर आपण जुन्या सिनेमांत बघतो, तो हाच. डॉक्टर आरशाच्या भोकातून बघतो आणि उजेड थेट नजरेच्या रेषेत कानात जातो. जहरावींचं ऊनच ते, फक्त आता ढग आले तरी काम अडत नव्हतं. डब्लिनच्या विल्यम वाइल्ड यांचं कानाच्या शस्त्रक्रियेवरचं पुस्तक १८५३ चं. वाहत्या कानाकडे दुर्लक्ष करू नका, तो कधी, कुठं आणि कसा थांबेल हे कुणी सांगू शकत नाही, अशा अर्थाचा इशारा त्यांनी दिला होता. या वाइल्डचा मुलगा ऑस्कर, इंग्रजीतला गाजलेला लेखक. तो १९०० मध्ये पॅरिसच्या हॉटेलात गेला. त्याआधी महिना-दीड महिना त्याच खोलीत त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं होतं. बापानं जगाला सावध केलं आणि मुलगा त्याच वाटेनं गेला.

१८७३ मध्ये हाले इथल्या हेरमान श्वार्त्से यांनी कानामागचं हाड कधी आणि कसं उघडायचं याची नीट पद्धत मांडली. जंतुनाशकं आणि भूल हाताशी आल्यानंतरची ही गोष्ट. १८९० च्या सुमारास प्रागच्या त्साउफाल आणि इतरांनी पुढचं पाऊल टाकलं. हाड, पोकळी, पडद्याचे अवशेष, आतली हाडं असं जे जे सडलंय ते सगळं काढून एकच मोकळी खोबण करायची. कान कोरडा व्हायचा, जीव वाचायचा. ऐकू येणं मात्र बरंचसं जायचं. पण मेंदूत पू जाण्यापेक्षा बहिरेपण बरं, हा हिशेब त्या काळात चुकीचा म्हणता येणार नाही.

माझ्या सर्जननी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागदावर तीन ओळी लिहून दाखवल्या होत्या. पहिली, रोग पूर्ण काढणं. दुसरी, कान कोरडा होणं. तिसरी, ऐकू येणं. "या क्रमानं," ते म्हणाले, "तिसरीची गॅरंटी मागू नका." मी गप्प बसलो, पण आतून खट्टू झालो. मला तर तिसरीच हवी होती! पुढे वाचताना कळलं की कानाच्या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास त्याच क्रमानं चालत आलाय. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. तोवर सल्फा औषधं आणि पेनिसिलिन आलं होतं, त्यामुळे जिवाची भीती खूप कमी झाली होती. स्टॉकहोममध्ये १९२१ साली नीलेन यांनी कानाच्या ऑपरेशनला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला होता. १९५३ मध्ये झाइस कंपनीचा खास ऑपरेशनसाठीचा सूक्ष्मदर्शक आला. त्याच सुमारास जर्मनीतल्या वुल्स्टाइन आणि त्सोल्नर यांनी पडदा आणि आतली हाडांची साखळी नव्यानं उभी करण्याची पद्धत बसवली, टिम्पॅनोप्लास्टी. सुरुवातीला ते पडद्यासाठी कातडी लावायचे, पण ती टिकेना. मग कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ पांढरं आवरण वापरायला सुरुवात झाली. आज बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. माझा नवा पडदाही माझ्याच कानशिलावरचा आहे.

हे सगळं माझ्यावर मिरजेत झालं. साताऱ्याहून मिरजेला कशाला, असं कुणी विचारत नाही. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज, हे शंभर वर्षांहून जुनं समीकरण आहे. सांगली जिल्ह्याला १९४९ ते १९६० दक्षिण सातारा म्हणत. म्हातारी माणसं आजही कधी कधी म्हणतात. त्याच्याही आधी, संस्थानांच्या काळात, विल्यम वॉन्लेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये इकडे आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं इस्पितळ उभं राहिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनांसाठी लोक दूरदूरून यायचे. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्यानं येणं सोपं होतं. त्यांनी इथल्याच मुलांना डॉक्टरकी शिकवली, आणि ती मुलं गावोगाव पसरली. सांगली-मिरजेच्या मध्ये वॉन्लेसवाडी आहे, क्षयाच्या रुग्णालयामुळे नाव पडलेली. मिशनबद्दल आपल्या लोकांच्या मनात शंका असतात, माझ्याही होत्या. पण आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बायका 'मिशन में दिखाया' असं ज्या विश्वासानं म्हणायच्या तो विश्वास कमावलेला होता.

सीटी स्कॅनचा रिपोर्ट मिळायला दोन तास होते, म्हणून मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो. इथली वाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या मुसलमानांची. तलवारींची गरज संपत आली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे-सतारींकडे हात वळवला. पंढरपूरकडचे भोपळे येतात आणि इथून तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एक म्हातारे कारागीर घोडीवर जवारी काढत बसले होते. किंचित घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा किंचित घासायचं. कुठलं यंत्र नाही. मी डाव्या बाजूला उभा होतो आणि मला घासण्याचा आवाज येत होता, तारेतला तो फुलणारा झंकार नाही. मग मी वळून उजवा कान केला आणि झंकार आला. त्यांनी वर बघितलं, काही विचारलं नाही. अशा माणसापुढे कान लपवता येत नाही.

तिथून मीरासाहेबांच्या दर्ग्यावर गेलो. आवारात उस्ताद अब्दुल करीम खान यांची कबर आहे. किराण्याहून निघालेला हा गवई मिरजेचा झाला, १९३७ मध्ये मद्रासकडच्या प्रवासात गेला आणि मातीला इथं आला. फातिहा पढताना मनात आलेली दुआ अगदी स्वार्थी होती.

ऑपरेशन पूर्ण भूल न देता, कानाभोवतालचा भाग बधिर करून झालं. दुखत नव्हतं, पण ऐकू येत होतं. हाड कोरणाऱ्या ड्रिलचा आवाज बाहेरून येत नाही, तो डोक्याच्या आतच असतो, पिठाच्या गिरणीत डोकं ठेवल्यासारखा. मध्येच डॉक्टर म्हणायचे, "डोळे मिटा. हसून दाखवा." चेहऱ्याची नस शाबूत आहे का ते बघत होते. आयुष्यात इतक्या मनापासून मी कधी हसलो नसेन. कोलेस्टीटोमा निघाला. तीन हाडांपैकी मधलं हाड खाल्लं गेलं होतं.

घरी आल्यावरचे आठवडे कंटाळवाणे, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उजव्या कुशीवर, दोन उशांवर झोप. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. जिभेची डावी कड बरेच दिवस पत्र्यासारखी लागायची, कारण चवीची एक बारीक नस पडद्यामागून जाते. अम्मीच्या बिर्याणीला मी पहिल्यांदा नावं ठेवली. सुजूदमध्ये डोकं खाली गेलं की ठोका जाणवायचा, म्हणून काही दिवस खुर्चीवर नमाज. अम्मी पहिल्या दिवसापासून एका गोष्टीनं बेचैन होती. शेवटी एका रात्री तिनं विचारलंच, "मेरे तेल से बिगड्या क्या रे?" मी तिला खरं तेच सांगितलं. रोग तेलानं झालेला नाही, पण फुटलेल्या पडद्याच्या कानात तेल घालायचं नसतं, आणि आत काय आहे हे तुला कुणी दाखवलंच नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराचा कान वाहतोय कळल्यावर त्याच्या आईला घेऊन ती स्वतः कानाच्या डॉक्टरकडे गेली.

हे शेजारचं पोर एकटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात जगात साडेसहा ते तेहतीस कोटी लोकांचे कान असे वाहत असल्याचा अंदाज आहे, त्यातल्या साठ टक्क्यांच्या ऐकण्यावर परिणाम झालेला, आणि भारत सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत. २००७ पासून बहिरेपण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयांत तपासणीची सोय आहे. पण 'कान वाहणं हा काय आजार आहे का' असं म्हणणारा बाप तिथपर्यंत जातच नाही. माझे अब्बाही म्हणायचे.

तीन महिन्यांनी पहिली ऐकण्याची तपासणी झाली. आलेखावरची डावी रेषा वर सरकली आहे, उजवीच्या बरोबरीला आलेली नाही. हाडाच्या जागी बसवलेला तुकडा स्थिर झालाय, पडदा धरलाय, कान कोरडा आहे. पहिल्या दोन ओळींवर बरोबरची खूण, तिसरीवर अर्धी. कोलेस्टीटोमा परत येऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी मिरजेला जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली कान दाखवायचाय, बहुधा कायमचाच. पुढची तारीख जानेवारीतली आहे. त्या दिवशी वेळ काढून सतारमेकर गल्लीत जाईन, आणि या वेळी डाव्याच बाजूला उभा राहीन.